तीस फेब्रुवारीच्या माळा

१

रुखमा घरी यायच्या आधी तिचा वास घरी यायचा. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी तिची चप्पल वाजे, आणि चप्पल वाजायच्याही आधी कुलदीपच्या नाकाला कळे की आई आली. कोशातल्या मेलेल्या किड्यांचा वास. सडकी मासळी, ओलं पोतं आणि जळलेले केस एका टोपल्यात भरले तर जवळपास तसं काहीतरी होईल. कुलदीप लॅपटॉप उचलून मागच्या खोलीत जाई आणि दार लोटून घेई.

रुखमा मोरीत बसून लिंबाचा पाला चोळी, राख चोळी, मुलाने नागपूरहून आणलेला साबण चोळी. हात स्वच्छ होत, वास जात नसे. तिच्या उजव्या अंगठ्यावर ब्लेडने कापल्याची जुनी आडवी खूण होती, त्या खाचेत तो बसला होता म्हणा. भाताचं भांडं ती ओट्यावर ठेवून बाजूला सरकायची आणि कुलदीप आपल्या हाताने वाढून घ्यायचा. दोघांनी यावर कधी तोंड उघडलं नाही. याच वासावर आपण इंजिनिअर झालो हे कुलदीपला पक्कं ठाऊक होतं, पण ठाऊक असून वकारी थांबत नाही.

कुरखेड्यापासून थोडं आत, धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं तिथलं हे गाव. गावाच्या टोकाला श्रीहरीचं टसर रेशमाच्या कोशांचं बीजघर होतं. जंगलात ऐनाच्या झाडांवर वाढलेले कोसे तिथे येत. चांगले कोसे दोऱ्यात ओवून त्यांच्या माळा आतल्या अंधाऱ्या खोलीत टांगायच्या; पावसाळा लागला की त्यांतून पतंग निघतात, अंडी घालतात, आणि ते बियाणं पुन्हा जंगलात जातं. तोवर आतली किडी झोपलेली. रुखमाचं काम म्हणजे एकेक कोसा कानाशी नेऊन हलवायचा आणि आतली जिवंत आहे की मेली ते आवाजावरून सांगायचं. नासके कोसे बाहेर काढून चुन्यात पुरायचे.

हे बीजघर काकाकडून श्रीहरीकडे नवंनवं आलं होतं आणि त्याला सगळं कॉम्प्युटरवर हवं होतं. नागपूरच्या कंपनीचं काम घरी बसून करणाऱ्या कुलदीपने त्याला ॲप करून दिलं. आईचं काम पक्कं होईल हा एक विचार होता. घरबसल्या होईल, त्या खोलीत पाय ठेवायला नको, हा दुसरा. आणि खरं सांगायचं तर तोच मोठा.

ॲप साधं होतं. प्रत्येक माळेला कोसे आणणाऱ्यांची कागदी चिठ्ठी, चिठ्ठीवर पतंग निघायची अंदाजाची तारीख. ती टॅबवर टाकायची. तारीख बरोबर असली की पडदा हिरवा होऊन स्टिकर निघे, आणि स्टिकरची माळ आत टांगली जाई. पडदा लाल झाला की माळ बाहेर.

डोक्याला ताप होता तो तारखांचा. कोणी ठिपके देई, कोणी रेघा मारी, कोणी वर्षच गाळी. रुखमाने तर पहिल्याच दिवशी ‘पोयाच्या दुसऱ्या दिवशी’ असं टाकलं. तिचा नवरा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेला, तेव्हापासून ती सगळं वर्ष तिथूनच मोजायची. कुलदीप हसला होता आणि त्याने रेग्युलर एक्स्प्रेशनची एक ओळ लिहिली होती. दोन अंक, तिरपी रेघ, दोन अंक, तिरपी रेघ, चार अंक. दिवस एकतीसच्या पुढे नको, महिना बाराच्या पुढे नको. या साच्यात बसेल ती तारीख, बाकी सगळं लाल. एका ओळीत काम फत्ते, म्हणून स्वारी खूश होती.

२

जानेवारी संपताना श्रीहरीचा फोन आला.

“कुलदीप भाऊ, तुमचं ॲप लय लाल होऊन राह्यलं ना. बायका कावून गेल्या.”

कुलदीपने घरून पाहिलं. अडत होत्या त्या सगळ्या एकाच तारखेच्या माळा होत्या. ३०/०२. साच्यात ती अगदी नीट बसत होती. तीस हा आकडा एकतीसच्या आत, दोन हा बाराच्या आत. अडवत होती ती साच्यानंतरची, मशीनमध्ये आयतीच असलेली दुसरी तपासणी, जी कॅलेंडर उघडून असा दिवस आहे का ते बघायची. तीस फेब्रुवारी हा दिवस नाही. तो कधी आला नाही आणि येणार नाही.

चुकून पडली म्हणावी तर इतक्या माळांवर तीच चूक कशी? विचारायचं म्हणजे तिथे जायचं, चिठ्ठ्या हातात घ्यायच्या, त्या वासात उभं राहायचं. नुसत्या विचाराने त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं. त्याने कॅलेंडरची तपासणी बंद केली आणि साचा तेवढा ठेवला. पुढे सवडीने बघू.

“आता मस्त हिरवं येऊन राह्यलं,” श्रीहरीने सांगितलं.

संध्याकाळी रुखमा मोरीतून म्हणाली, “बाबू, त्या तीस फेब्रुवारीवाल्या माळा बी पास झाल्या आज.”

“मग?”

“काई नाई. जुने लोक त्या बाहेर टाकत.” तांब्यातलं पाणी पडल्याचा आवाज आला. “पन तुही मशीन हो म्हणते, तं मी कोन नाई म्हणनारी. टांगल्या आतमंदी.”

कुलदीपने नाकावर रुमाल धरला होता. “आहेत बरोबर,” तो म्हणाला आणि दार लोटलं.

३

फेब्रुवारीत रुखमाचं जेवण कमी झालं. ताटावर बसे, दोन घास खाई आणि हाताकडे बघत राही.

“काय झालं?” त्याने दाराच्या आतून विचारलं.

“त्या माळाईतून आवाज येऊन राह्यला.”

“किडी हलत असेल.”

“आता कशी हलन? आता तं झोपेत रायते ते, थेट पानी पडेपर्यंत.” ती विचार करून बोलत होती. “जिती असन तं घट्ट वाजते. मेली असन तं खुळखुळते. हे दोनी नाई. कोनी अंधारात बसून पानी पिऊन राह्यलं, तसं वाजते. कानाशी नेलं का थांबते. मंग मीच ऐकते का तेच मले ऐकते, काई समजत नाई.”

आईने ते ओलसर काहीतरी कानाशी धरलं आहे, हे चित्र कुलदीपला झटकता येईना. त्याने विषय त्या तारखेवर नेला. जुने लोक ती का लिहीत?

“ते तारीख नोयच, बाबू. काई कोसे असे निंगतात का दिसाले एकदम चांगले. वजन चांगलं, रंग चांगला. पन आतमंदी आपली किडी नसते. मंग काय असते, कोनी फोडून पायत नाई. त्याच्या चिठ्ठीवर तीस फेब्रुवारी लिवायचं. तो दिवस येत नाई, तं ते बी येत नाई. अन् लिवलं का लगेच पुरायचं.”

“हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगतच होती ना मी,” रुखमा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. “तुनं दार लोटलं.”

४

मग मात्र तो गेला. भर दुपारी गेला, नाकाला दुहेरी रुमाल बांधून.

बाहेरच्या खोलीत बायका कोसे निवडत होत्या, तिथला वास ओळखीचा होता. आतल्या खोलीचं दार श्रीहरीने उघडलं आणि कुलदीप उंबऱ्यावरच थांबला. आत वास नव्हता. इतके कोसे टांगलेले, खिडक्यांना पोती मारलेली, आणि वास काहीच नाही. नाक मोकळं झालं तर बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी जिभेवर मऊ, कोमट चव आली, दुसऱ्याने चघळलेलं तोंडात घ्यावं तशी, आणि तो कोपऱ्यात थुंकला.

हिरव्या स्टिकरच्या माळा मागच्या भिंतीला होत्या. प्रत्येक कोशाचं टोक ओलं होतं. पतंग बाहेर यायच्या आधी कोसा असाच आतून ओला होतो, पण ते पावसाळ्यात. खाली फरशीवर एक थेंब नव्हता. फरशी चाटून घेतल्यासारखी लख्ख होती.

“वजन पाहा,” श्रीहरी खुशीत म्हणाला. “दर आठवड्याले वाढून राह्यलं. बाकीच्याचं कमी होते अन् याचं वाढते.”

“झोपलेली किडी काय खाऊन वाढते, भाऊ?”

“आता ते मले काय माईत?” श्रीहरीने खिशातून ब्लेड काढलं. “पाहा, फोडून दाखवतो.”

कुलदीप नको म्हणेपर्यंत कोसा उभा चिरला गेला. आत काळसर टणक किडी नव्हती. पांढरट, मऊ, ओला गोळा होता. त्याला डोकं नव्हतं, शेपूट नव्हती, पाय नव्हते. एका बाजूने तो चपटा होता आणि त्या चपट्या भागावर बारीक रेषा होत्या, गोल गोल फिरत गेलेल्या. रेषांच्या मधून एक आडवी खूण गेली होती, ब्लेडने कापल्यासारखी.

कुलदीप बाहेर धावला आणि भिंतीशी वाकून सगळं ओकला.

ओकताना त्याचं डोकं हिशेबाला लागलं होतं, त्याला ती सवयच होती. आईने कोसा घट्ट धरला असेल, अंगठ्याचा ठसा उमटला असेल. पण ठसा बाहेरून उमटतो. टणक कवचाच्या आत कसा उमटेल? मग ओलाव्याने कवच मऊ पडलं असेल. असेल, असेल करत त्याने तोंड धुतलं. श्रीहरीने तो गोळा कागदात गुंडाळून फेकला होता.

“सगळ्या काढा,” कुलदीप म्हणाला. “पुरून टाका.”

“मी हात नाई लावत बाप्पा,” श्रीहरी म्हणाला. “रुखमाबाईले सांगतो.”

५

कुलदीपने कॅलेंडरची तपासणी परत चालू केली. आता कोणी ३०/०२ टाकलं तर पडदा लाल होणार होता. पण आत टांगलेल्या माळा काही लाल होऊन आपोआप खाली येणार नव्हत्या. त्या हातानेच काढायच्या होत्या, आणि बाकीच्या बायकांनी साफ हात झटकले.

“रविवारी जाते मी,” रुखमा म्हणाली. “सुट्टी रायते, कोनी नसते. निवांत काढते अन् पुरते.”

“मी येतो.”

हे तो म्हणाला, एवढं त्याच्या बाजूने मांडायला हरकत नाही. पण म्हणताना त्याच्या गळ्याशी आवंढा आला आणि रुखमाला तो दिसला. तिला तो त्याच्या लहानपणापासून दिसत होता.

“राहू दे, बाबू. तुले वकारी येते.”

आणि कुलदीपला बरं वाटलं. स्वतःची किळस आली, तरी बरं वाटलं.

रविवारी सकाळी हिरवं लुगडं नेसून ती गेली. जाताना भाताचं भांडं ओट्यावर झाकून ठेवलं, बुद्धाच्या फोटोपुढची मेणबत्ती सरळ केली आणि खोकत खोकत गल्लीतून दिसेनाशी झाली. थंडीतला खोकला तिला होळीपर्यंत पुरायचा.

दुपार व्हायच्या आधी कुलदीपचा फोन वाजला. ॲपचा निरोप होता. त्यानेच केलेली सोय. ज्या दिवशी पतंग निघायचे त्या दिवशी आठवण यावी म्हणून.

‘आज माळा निघणार.’

तो चक्रावला. मार्चची दोन तारीख. मग त्याच्या लक्षात आलं. साच्याने तीस फेब्रुवारीला आत घेतलं होतं. आत आल्यावर ती तारीख कुठेतरी ठेवायची म्हणून मशीनने आपल्या अकलेने पुढे मोजलं. अठ्ठावीस संपले, वर दोन दिवस, म्हणजे दोन मार्च. न येणाऱ्या दिवसाला त्याच्या ॲपने येण्याचा दिवस देऊन टाकला होता.

आईचा फोन नुसता वाजत राहिला. तो चप्पल शोधायला वळला, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी तिची चप्पल वाजली.

६

“झालं का?” त्याने दारातच विचारलं.

“झालं.”

रुखमा आत आली. मोरीत गेली नाही. सरळ ओट्यापाशी जाऊन तिने ताट घेतलं, भात वाढला, वरण घातलं आणि ताट त्याच्या हातात दिलं. तिचा हात त्याच्या तोंडासमोर आला, अंगठ्यावरच्या आडव्या खुणेसकट. कुलदीपने सवयीने श्वास रोखला आणि मग हळूच सोडला.

हाताला वास नव्हता.

लिंबाच्या पाल्याचा नाही, राखेचा नाही, साबणाचा नाही. मुळात वासच नव्हता. जिभेवर ती कोमट, चघळलेली चव आली.

“जेव बाबू. थंडं होऊन राह्यलं.”

आवाज तिचा, चेहरा तिचा, पदर खोचायची तऱ्हा तिची. ती त्याच्याकडे बघून हसली, तेही बरोबर तेवढंच हसली. आणि सरकली नाही. ताट देऊन बाजूला सरकायची ती, आयुष्यभर सरकत आली होती. आज समोर उभीच राहिली. ती खोकतही नव्हती.

“आई, श्रीहरी भाऊ होते का तिथे?”

“होते.”

“नव्हते म्हणालीस ना, सुट्टी आहे म्हणून?”

“नव्हते,” ती तितक्याच मायेने म्हणाली.

विचारावं असं त्याला वाटत नव्हतं आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

“बाबा कधी गेले, आई?”

हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी एकच उत्तर आलं असतं. त्यात ना आकडा होता, ना महिना. ते त्याच्या साच्यात बसलं नव्हतं.

“तीस फेब्रुवारीले,” ती म्हणाली.

७

ताट कुठे पडलं हे त्याला कळलं नाही. मोटरसायकल काढताना त्याने मागे पाहिलं तेव्हा ती ओट्याजवळ खाली बसून सांडलेला भात उचलत होती. उचलून कशात ठेवत होती, ते त्याने पाहिलं नाही. फरशी लख्ख होत चालली होती.

बीजघराचं दार उघडं होतं. बाहेरच्या खोलीत चुन्याचं पोतं सोडलेलं, फावडं भिंतीला टेकवलेलं. दाराबाहेरचा खड्डा अर्धा खणून राहिला होता. टॅबचा पडदा हिरवा होता.

“आई.”

आतून खोकला आला. तिचाच, थंडीतला, छातीत अडकणारा.

तो आतल्या खोलीत गेला. मागच्या भिंतीच्या माळांवरचे कोसे रिकामे होते, टोकाशी उघडलेले आणि चपटे पडलेले. रिकामे कोसे किती होते हे त्याने मोजलं नाही. मोजलं असतं तर तिथे उभं राहता आलं नसतं, कारण घरी तर एकच जण आलं होतं.

माळांच्या मागे कोपऱ्यात काहीतरी टांगलेलं होतं. कोशाच्याच रंगाचं, कोशासारखंच विणलेलं, माणसाएवढं लांब. पोत्यांच्या फटीतून पडलेल्या उन्हात त्याचा खालचा भाग तेवढा दिसत होता. विणीत एका जागी हिरव्या लुगड्याचा काठ अडकला होता. ते सगळं ओलं होतं, जाड लाळेने लडबडलेलं, आणि ती लाळ तारा धरून हळूहळू खाली उतरत होती. आतून ते एकदा फुगलं, बसलं, आणि पुन्हा खोकला आला.

आणि वास आला. सडकी मासळी, ओलं पोतं, जळलेले केस. साऱ्या खोलीत वास होता तो तिथे, त्या एवढ्याच जागी. आयुष्यात पहिल्यांदा कुलदीपने तो छाती भरून ओढला. रडू फुटलं त्याला. आई आत होती.

ब्लेड नव्हतं. फावडं मारलं तर तिला लागलं असतं. हातानेच फाडायचं होतं. बोटं त्या लाळेत घालायची, वीण ओरबाडायची, आत जे असेल त्याला मिठी मारून बाहेर ओढायचं. फार कठीण काम नव्हतं. रुखमाने असल्या गोष्टींत त्याच्यासाठी हयात घातली होती.

त्याने हात पुढे केला. बोटांची टोकं त्या ओल्याला लागली. ते कोमट होतं, आणि त्याच्या बोटांखाली ते सरकलं, चोखल्यासारखं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. हात मागे आला. त्याने पुन्हा पुढे केला, आणि तो अर्ध्यावर थांबला.

“बाबू,” आतून कोणीतरी म्हणालं. फार बारीक आवाज होता. “पोयाच्या...” आणि पुढे खोकल्याने बोलू दिलं नाही.

मागून त्याच्या खांद्यावर हात पडला. हलका, मायेचा, कसलाही वास नसलेला हात. तो हात एकच नव्हता, दुसऱ्या खांद्यावर पडला तोही उजवाच होता, आणि दोन्ही अंगठ्यांवर ती आडवी खूण होती. कुलदीपने मान वळवली नाही.

“राहू दे, बाबू,” त्या म्हणाल्या. “तुले वकारी येते.”

त्याचा हात खाली आला. आत खोकला चालू होता, आणि कुलदीपला बरं वाटलं.